स्पेलिंग बघून चोर ओळखायचे दिवस गेले



"मेलमध्ये स्पेलिंगच्या चुका दिसल्या की समजा फ्रॉड." हा सल्ला आजही सर्रास दिला जातो. माझं स्पष्ट मत आहे, आता तो विसरा. का, ते चोरांच्या मागावर असणाऱ्यांच्या कामातूनच कळतं.

ही मंडळी करतात काय? हल्लेखोर टोळ्यांचे सर्व्हर, त्यांच्या सवयी, त्यांची पद्धत हे संशोधक वर्षानुवर्षं टिपून ठेवतात. एआय कंपन्यांकडे आपल्या चॅटबॉटला कोण काय विचारतंय याच्या नोंदी असतात. दोन्हीकडची माहिती जुळवली की माणूस सापडतो. फेब्रुवारी 2024 मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि ओपनएआयने मिळून रशिया, चीन, इराण आणि उत्तर कोरियाशी संबंधित पाच गटांची खाती बंद केली, आणि ते गट काय करत होते तेही जाहीर केलं.

तर काय करत होते? आपण करतो तेच की! भाषांतर, कोडमधल्या चुका शोधणं, समोरच्याची माहिती काढणं. आणि हो, फसवे मेल लिहून घेणं. हल्ल्याचा एकदम नवा प्रकार काही तिथे सापडला नाही. मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. युक्ती जुनीच आहे, फक्त भाषा सफाईदार झाली आणि मेहनत वाचली.

अरुप या ब्रिटिश इंजिनिअरिंग कंपनीचं बघा. 2024 च्या सुरुवातीला तिच्या हाँगकाँग ऑफिसमधल्या एका कर्मचाऱ्याला गुप्त व्यवहाराचा निरोप आला. त्याला शंका आलीसुद्धा! पण मग व्हिडिओ कॉल झाला, त्यात फायनान्सचे मोठे साहेब आणि ओळखीचे सहकारी दिसले, आणि शंका मिटली. ते सगळे चेहरे, सगळे आवाज बनावट होते. 15 वेळा पैसे पाठवले गेले, एकूण 20 कोटी हाँगकाँग डॉलर. कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये कोणी शिरलंच नव्हतं, म्हणजे अँटिव्हायरस तिथे काय करणार? नंतर मुख्य ऑफिसला विचारल्यावर उलगडा झाला. तोच फोन आधी व्हायला हवा होता.

"सर, आमची उलाढाल ती केवढी, आमच्यामागे कोण लागतंय?" अहो, फसवा मेल लिहायला पूर्वी वेळ लागायचा, म्हणून मोठं गिऱ्हाईक शोधलं जायचं. आता तुमच्या 40 हजारांच्या बिलासाठीही तो लिहिणं परवडतं, तेही शुद्ध मराठीत.

म्हणून सप्लायरचा "आमचं बँक खातं बदललंय" असा मेसेज आला, तर त्यातल्या नंबरवर फोन करू नका. जुन्या बिलावरचा नंबर काढा, त्यावर बोला, मगच पैसे टाका. हिशेब बघणाऱ्या माणसालाही सांगून ठेवा, "माझा स्वतःचा व्हिडिओ कॉल आला तरी मला उलट फोन लावायचा, मी रागावणार नाही." हे शेवटचं वाक्य जरूर म्हणा, कारण मालकाला उलट विचारायला लोक बिचकतात.

तरीही पैसे गेलेच, तर त्याच क्षणी 1930 ला आणि बँकेला फोन. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तर येतात.