डिफ्रेन्शियलला शेंदूर

शनिवारी संध्याकाळी रायपूरच्या गोल बाजारात पूजेच्या सामानाच्या दुकानासमोर उभा होतो. "पचास ग्राम बंदन देना," म्हणालो. शेंदराला इकडे बंदन म्हणतात. दुकानदाराने विचारलं, "हनुमान जी के लिए?" मी म्हणालो, "नहीं भैया, गाड़ी के लिए." त्याला वाटलं नवी गाडी घेतली. त्याने शेंदराबरोबर लिंबू-मिरची, नारळ आणि लाल कापड काढून ठेवलं. मी लाल कापडही घेतलं, हात पुसायला लागणारच होतं.

गोल बाजारात काय मिळत नाही असं विचारलं तर लोक हसतात. लग्नाचा मुकुट आणि तिरडीचं सामान एकाच गल्लीत. मला हवं होतं ते सगळं तिथे अर्ध्या तासात मिळालं: रॉकेल ओतायला जुन्या घाटाची मोठी परात, ताडपत्रीचा तुकडा, बारीक तार, खडूचा डबा आणि हा शेंदूर. मिळाला नाही तो फक्त डायल गेज. तो दुसऱ्या दिवशी एका लेथवाल्याने माझा आयकार्डाचा फोटो काढून घेऊन उसना दिला.

आता गाडी कोणाची ते सांगतो. तात्यापाऱ्यात एक मराठी काका आहेत. रायपुरात मराठी माणूस नवा नाही. १७५८ साली बिंबाजी भोसले रतनपूरला कारभार बघायला आले, त्याच्या आगेमागे कितीतरी घराणी नागपूरकडून इकडे येऊन राहिली. काकांची मराठीही नागपुरी वळणाची आणि अधूनमधून हिंदी. त्यांच्या अंगणात फौजेच्या लिलावातून घेतलेली जुनी महिंद्रा सीजे-३बी जीप आहे. आठ महिने ती हलली नव्हती. मागून हुंकारल्यासारखा आवाज यायचा.

"मिस्त्री म्हणते पूर्ण एक्सलच बदलून टाका," काका म्हणाले. "कबाडात एक पडला आहे म्हणते. एका दिवसात लावून देतो म्हणते."

मी विचारलं, "काका, त्याने जुना उघडून पाहिला का?"

"नाही ना. आवाज ऐकला अन् बोलला."

माझं सगळं भांडण या एका वाक्याशी आहे.

मी ईएमईचा व्हेइकल मेकॅनिक. फौजेत आम्हीसुद्धा पुढच्या भागात अख्खी असेंब्ली बदलतो, कारण तिथे वेळ महत्त्वाचा. गाडी तासाभरात उभी करायची आणि खराब एक्सल मागे पाठवायचा. पण मागे तो उघडणारे लोक असतात. आपल्या खडकीला ५१२ आर्मी बेस वर्कशॉप आहे, तशी देशात आणखीही आहेत. तिथे प्रेस, गेज, टेबलं आणि त्याच कामात आयुष्य घालवलेली माणसं असतात. बदलण्याची पद्धत या मागच्या लोकांच्या जोरावर चालते. काकांच्या मागे कोण आहे? कबाडातला एक्सल ज्या गाडीतून निघाला, ती कशामुळे भंगारात गेली हेही कोणाला माहीत नाही. एक न तपासलेली वस्तू काढून दुसरी न तपासलेली वस्तू बसवायची आणि त्याला दुरुस्ती म्हणायचं.

तरी आम्ही तो कबाडातला एक्सल बघायला गेलो. मागचं झाकण आधीच उघडं होतं. क्राउनच्या कडेवर दातांचे आकडे ठोकलेले होते: ४७ आणि ११. काकांच्या जीपचा आकडा ४३ आणि ८. भागाकार करून बघा. कबाडातल्यात प्रोपेलर शाफ्ट साधारण ४.२७ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं, काकांच्या गाडीत ५.३८ वेळा. पुढचा एक्सल जुनाच राहणार होता. म्हणजे फोर-बाय-फोर टाकलं की पुढची चाकं मागच्यांपेक्षा पाचव्या हिश्शाने कमी फिरणार. या जीपच्या ट्रान्स्फर केसमध्ये हा फरक सांभाळणारं काहीही नाही. चिखलात चाकं घसरून निभावतात, डांबरी रस्त्यावर मात्र काहीतरी तुटल्याशिवाय राहत नाही. मिस्त्री वाईट माणूस नव्हता. त्याला आकडे दाखवले तर तो प्रामाणिकपणे म्हणाला, "हम तो छेद मिलाते हैं साहब." बोल्टची छिद्रं जुळली की बसलं!

ज्यांच्याकडे जुनी जीप आहे त्यांनी हा आकडा स्वतः काढून ठेवावा. झाकण उघडायचीही गरज नाही. मागची दोन्ही चाकं उचला, प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ ओढा आणि दोन्ही चाकांची एक फेरी होईपर्यंत शाफ्टच्या फेऱ्या मोजा. एकच चाक उचललं आणि दुसरं जमिनीवर राहिलं तर उचललेलं चाक दुप्पट वेगाने फिरतं, तेव्हा आकडा निम्मा येईल. घाबरू नका, डिफ्रेन्शियलचं कामच ते. वळणावर आतलं चाक जेवढं कमी फिरेल तेवढं बाहेरच्याला द्यायचं.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण निम्मी दुरुस्ती तिथेच होते. ॲक्सिलरेटर दाबल्यावर आवाज वाढतो आणि सोडल्यावर बदलतो, तर संशय क्राउन-पिनियनवर. दाबा-सोडा, सारखाच घुमतो, तर बेअरिंग. फक्त वळणावर येतो, तर चाकाचं बेअरिंग किंवा आतले छोटे गिअर, जे सरळ रस्त्यावर एकमेकांवर जवळजवळ फिरतच नाहीत. गिअर टाकताना "टक्" होतं तर आधी प्रोपेलरचे क्रॉस बघा. काकांची जीप अंगणातून काढून पहाटे रिकाम्या रस्त्यावर फिरवली. आवाज दाबण्या-सोडण्याने बदलत नव्हता. डावीकडे वळलं की वाढायचा, उजवीकडे वळलं की जवळजवळ बंद. डाव्या वळणावर भार उजव्या चाकावर येतो. म्हणजे आठ महिने ज्या डिफ्रेन्शियलला शिव्या बसत होत्या त्याचा कदाचित काही दोषच नव्हता.

पहिल्या रविवारी गाडी उचलली. इथे एक हुकूमच समजा: जॅकवर उभ्या गाडीखाली कोणी जायचं नाही. जॅक फक्त उचलायला, पेलायला लाकडी ठोकळे किंवा स्टँड. पुढच्या चाकांना दगड लावायचे.

सगळ्यात आधी ब्रीदर. एक्सलच्या नळीवर बोटाच्या पेराएवढी ही वस्तू, हिची कोणालाच आठवण नसते. गाडी चालली की आतलं तेल आणि हवा तापते, ती हवा इथून बाहेर जाते. काकांचा ब्रीदर धानाच्या चिखलाने बंद होऊन वीट झाला होता. मग दाब निघणार कुठून? सीलमधून. उजव्या चाकाच्या ब्रेकवर तेल होतं ते याच कारणाने. काडी आणि रॉकेल, पाच मिनिटांचं काम. काही वर्षांपूर्वी कोणी केलं असतं तर ही पोस्ट लिहायची वेळ आली नसती.

मग तेल परातीत काढलं आणि झाकण उघडलं. तेलात बारीक चमक होती, तुकडे नव्हते. शेंदूर तेलात दाट कालवून क्राउनच्या आठ-दहा दातांवर ब्रशने लावला. काकांनी ब्रेक हलका दाबून धरला आणि मी पिनियन फिरवला. पिनियनचा दात जिथे घासतो तिथला शेंदूर निघतो आणि ठसा उमटतो. ठसा दाताच्या मध्याजवळ हवा, कडेला किंवा मुळाशी गेला तर पिनियनची जागा चुकली आहे. वर्कशॉपात यासाठी निळा किंवा पिवळा रंग असतो, पण जुन्या उस्तादांनी शेंदूरच वापरला. अस्सल शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, तेलात तो विरघळत नाही. नुसता रंग घातलेला नकली शेंदूर तेलात पसरतो आणि ठसा येत नाही. शिसं विषारी असतं, हातमोजे घाला आणि पोरांना लांब ठेवा.

ठसा मध्याजवळ आला. डायल गेजवर दातांमधला प्ले अकरा हजारांश इंच निघाला. नव्या जोडीला पाच ते सात लागतो. काका लगेच म्हणाले, "मग टाइट करून टाका ना."

नाही. स्वतः काम करणारे सगळ्यात जास्त गाड्या इथेच बिघडवतात. हे दोन गिअर इतकी वर्षं एकमेकांवर घासून एकमेकांच्या सवयीचे झाले आहेत. त्यांना नव्याचा आकडा द्यायला गेलं की ठसा सरकतो आणि जी जोडी गप्प होती ती रडायला लागते. ठसा चांगला, दात शाबूत, आवाज त्यांचा नाही. झाकण बंद. त्या गिअरला आम्ही हात लावला नाही, आणि तीन रविवारांतलं सगळ्यात चांगलं काम मी तेच समजतो. इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून जो तो स्पॅनर घेऊन आत घुसतो. बघण्यासाठी जरूर उघडा. उघडलं म्हणून काही बदललंच पाहिजे असं नाही.

हे ज्ञान मला फुकट मिळालेलं नाही. नोकरीच्या सुरुवातीला एका डोंगरी पोस्टिंगवर अशाच जुन्या जीपचे दोन्ही शाफ्ट मी काढले आणि डाव्या-उजव्या बाजूचे शिम एकाच डब्यात टाकले. शिम म्हणजे कागदासारखे पत्रे, शाफ्टची पुढे-मागे हालचाल किती ठेवायची ते त्यांच्यावर ठरतं. अंदाजाने वाटणी केली, बोल्ट आवळले आणि दुसऱ्या दिवशी गाडी रेशन आणायला गेली. बेअरिंग घट्ट होतं. घाटात धूर निघाला, चाक जाम झालं, गाडी दरीच्या बाजूला फिरून कठड्याला टेकली. ड्रायव्हर माझ्याच बॅचचा. त्याला काही झालं नाही, मला मात्र महिनाभर नीट झोप आली नाही. उस्ताद ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "खोलना तो बंदर भी जानता है." तेव्हापासून शिम निघाले की तारेत ओवून त्याच बाजूच्या ड्रमला बांधतो. गोल बाजारातून तार त्यासाठीच घेतली होती.

पहिल्या रविवारच्या दुपारी उजवा हब काढला. या एक्सलमध्ये हब निमुळत्या शाफ्टवर चावीने बसतो आणि वर्षानुवर्षांत असा धरतो की पुलर लागतोच. नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे अडकलेले ठेवा, कारण सुटताना हब तोफेसारखा सुटतो. काही जण नट ढिला करून गाडी आठच्या आकड्यात फिरवतात म्हणजे हब आपोआप सुटतो. सुटतो खरा, पण चावीची वाट लावून.

बेअरिंग निळं पडलेलं होतं, ते अपेक्षितच. पण शाफ्ट पुसताना चावीच्या खाचेच्या टोकाला बोटाला काहीतरी लागलं. रॉकेलने भिजवला, कोरडा पुसला, वर खडूची पूड चोळली आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तेव्हा पांढऱ्या खडूवर केसाएवढी ओली काळी रेघ उमटली होती. चिरेत शिरलेलं रॉकेल बाहेर आलं होतं.

काकांना लगेच समजलं नाही. मी सांगितलं, या एक्सलमध्ये चाक शाफ्टवरच लटकतं. इथे तुटला तर चाक ड्रमसकट गाडी सोडून जातं, आणि त्या चाकाचा ब्रेकही. काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "दिवाळीत नातवंडांना घेऊन धमतरीला जायचं होतं याच गाडीत."

आवाज आला म्हणून गाडी उभी राहिली, म्हणून ते वाचले. आणि कबाडातल्या एक्सलच्या शाफ्टवर खडू कोणी लावला होता?

शाफ्ट नागपूरहून पार्सलने आला. दुसरा रविवार त्याची वाट बघण्यात आणि डावी बाजू तपासण्यात गेला. ती ठीक होती, सील तेवढं बदललं. बेअरिंग शाफ्टवर चढवायला प्रेस लागतो, ते काम लेथवाल्याने केलं आणि त्याचे पैसे त्याला दिले. घरी सगळंच करायचं असा माझा हट्ट नाही. क्राउन-पिनियनची नवी जोडी बसवायची असती तरी मी ती मोजून काम करणाऱ्याकडेच नेली असती, आणि "ठसा दाखव" म्हणून शेजारी उभा राहिलो असतो. मिस्त्रीला मजुरी द्या, हवी तर जास्त द्या. फक्त जुने सुटे भाग परत मागा आणि आकडा विचारा. आकडा विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडे एक्सल देऊ नका.

तिसऱ्या रविवारी सगळं जोडलं. शिम लावून प्ले मोजला, नट मॅन्युअलच्या आकड्यापर्यंत कसून नवी पिन घातली, ब्रेकची हवा काढली, ९० ग्रेडचं जीएल-५ तेल भोकाच्या कडेपर्यंत भरलं. हेच तेल गिअरबॉक्समध्ये ओतू नका, आत पितळेचे भाग असतात. एकूण खर्च मिस्त्रीने सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी आला.

पहाटे त्याच रस्त्यावर गेलो. डावं वळण घेतलं, पुन्हा घेतलं. काका खिडकी नसलेल्या बाजूने कान बाहेर काढून बसले होते. पन्नास किलोमीटर झाल्यावर हब हाताने चाचपला, कोमट होता. नट पुन्हा तपासला.

तुटका शाफ्ट काकांनी ठेवून घेतला आहे. अंगणात येणाऱ्या प्रत्येकाला ती रेघ दाखवतात. पुढच्या एक्सलच्या डाव्या नकलमधून ग्रीस गळतंय, ते माझी बदली व्हायच्या आत उघडायचं ठरलंय. शेंदूर अजून चाळीस ग्राम शिल्लक आहे.