थकबाकीदार कोण?



मार्च जवळ आला की घरपट्टीच्या वसुलीला जोर चढतो. थकबाकीदारांच्या याद्या लागतात, जप्तीच्या नोटिसा निघतात. या याद्यांत बडे बिल्डर असतात, तशीच अंथरुणाला खिळलेली एकटी बाईही असते. नियम दोघांना एकच. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे थकलेल्या करावर दरमहा २ टक्के शास्ती लागते. २०,००० रुपये थकले, तर महिन्याला ४०० आणि वर्षाला ४,८०० रुपये. ज्या वर्षी सगळी मिळकत औषधांत जाते, त्याच वर्षी हा बोजा वाढत राहतो.

हे मी अनुभवाने लिहिते आहे. पती गेल्यानंतर दोन वर्षांनी मला कर्करोग झाला. केमोथेरपी चालू असतानाच जप्तीची नोटीस आली, तीही त्यांच्या नावाने. हप्ते पाडून मिळावेत म्हणून मी कार्यालयात गेले. उत्तर मिळालं, "घर तुमच्या नावावर नाही, अर्ज मालकाने करायचा असतो." पुढे म्हणाले, "घरातल्या कुणा पुरुषाला पाठवा." म्हणजे पैसे भरायला मी थकबाकीदार, पण सवलत मागायला मी कुणीच नाही!

हा एकट्या माझा प्रश्न नाही. घर बाई सांभाळते, पण कागदावर नाव नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं. तो गेला आणि ती आजारी पडली की ही उणीव एकदम अंगावर येते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने पत्नी मुलांच्या बरोबरीने पहिल्या वर्गाची वारस आहे. तरीही कराच्या नोंदवहीत नाव लावायचं राहून जातं. एक ध्यानात ठेवावं, की या नोंदीने मालकी सिद्ध होत नाही; पण दाद मागताना तिचा आधार होतो.

म्हणून आपल्या गटांनी काही कामं हाती घ्यावीत. वस्तीतल्या विधवा व परित्यक्ता बहिणींची घरपट्टीची बिलं एकदा तपासा. गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८ पाहा. अर्ज तोंडी करू नका. लेखी द्या, सोबत आजाराचे कागद जोडा आणि पोच घ्या. शास्तीत सूट देणारी अभय योजना निघाली आहे का, थकबाकीची प्रकरणं लोक अदालतीत घेणार आहेत का, याची चौकशी करा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. आणि आजारी बाईला एकटीला खिडकीपुढे उभं करू नका. दोघी-तिघी सोबत जा.

कर बुडवायला आम्ही सांगत नाही. रस्ते, पाणी, दवाखाने त्यातूनच होतात. आमची मागणी एवढीच आहे: गंभीर आजाराच्या काळात शास्ती थांबवा, हप्ते द्या, आणि त्या घरात राहणाऱ्या बाईचा अर्ज तिच्याच सहीने घ्या. तिच्याकडून पैसे घेता, तर तिचं म्हणणंही ऐकून घ्यावं लागेल.