जानेवारीचा पहिला आठवडा आणि सुरतेचे आपण

विद्यार्थिमित्रहो, जानेवारीच्या आरंभीचा एक आठवडा मराठी मनास विशेष प्रिय आहे. ३ जानेवारी १८३१ रोजी नायगावी सावित्रीबाई फुले जन्मल्या. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ पत्र सुरू केले. या दोन्ही दिवसांस वंदन करताना कोणाचेच मन अडखळत नाही.

परंतु याच आठवड्यातील तिसरा स्मृतिदिन आपल्याच नगरीचा आहे. इंग्रज वखारीच्या कागदांत, त्या काळच्या कालगणनेप्रमाणे, ५ जानेवारी १६६४ रोजी शिवाजी महाराज सुरतेच्या सीमेवर येऊन ठाकल्याची नोंद आहे. शास्ताखानाच्या फौजेने सुमारे तीन वर्षे स्वराज्याचा मुलूख तुडविला होता. त्याची भरपाई मोगलांच्या या संपन्न बंदरातून व्हावयाची होती. नगराचा अधिकारी इनायतखान तर रयतेस वाऱ्यावर सोडून किल्ल्यात दडून बसला. हा इतिहास आपण अभिमानाने वाचतो, आणि वाचावाच.

तथापि त्याच दिवसांत वीरजी व्होरा या विख्यात सावकाराचा वाडा लुटला गेला, कित्येक घरे भस्मसात झाली. शेजारच्या गुजराती घरात ही हकीकत दुसऱ्या बाजूने सांगितली गेली, तर त्यात नवल ते काय? महाराजांनी कापुचिन पाद्री आंब्रोझ यांच्या वास्तूस धक्का लावला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्निए लिहितो. इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रांतील सूर मात्र कठोर आहे. आमच्या मते सुरतेत वाढणाऱ्या मराठी मुलांनी हे दोन्ही पुरावे वाचले पाहिजेत. केवळ जयघोषाने स्मृतिदिन साजरा होतो, पण इतिहास कळत नाही. आणि शेजाऱ्याचे दुःख ऐकून घेतल्याने महाराजांची थोरवी तिळमात्रही उणी होत नाही.

‘दर्पणा’च्या पानावर मराठी व इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई. त्याच्याही दहा वर्षे आधी, १८२२ साली, सुरतेत जन्मलेल्या फर्दुनजी मर्झबानांनी मुंबईत गुजराती ‘मुंबई समाचार’ काढले होते. एकमेकांच्या गावी जाऊन ज्ञानाचे दिवे लावण्याची ही परंपरा आहे. तेव्हा पुढील जानेवारीत आपल्या शाळेने एक दिवस गुजराती शाळेतील मित्रांस पाचारण करावे आणि १६६४ ची हकीकत दोन्ही भाषांत, दोन्ही बाजूंनी वाचावी. सावित्रीबाईंच्या जन्मदिनास शोभेल असा अभ्यास याहून दुसरा कोणता?