पेटींतला माणूस

१७७० सालीं व्हिएन्नाच्या दरबारांत केंपेलेन नांवाच्या गृहस्थानें बुद्धिबळें खेळणारें यंत्र आणलें. पेटीमागें पागोटेंवाला लांकडी तुर्क बसविलेला; तो मोहरे हालवी, भल्याभल्यांना हरवी. पेटींत एक जिवंत खेळाडू मेणबत्तीच्या उजेडांत अंग चोरून बसलेला असे. घाम त्याचा, टाळ्या पुतळ्याला!

शेतकरी-कारागीर बांधवांनो, हें तुर्काचें सोंग अजून उतरलेलें नाहीं. ॲमेझॉन कंपनीनें २००५ सालीं संगणकावरच्या किरकोळ मजुरीचा बाजार मांडला आणि त्याला खुशाल याच यंत्राचें नांव दिलें. आज ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा डंका वाजतो, तिच्या संशोधनाचा एक पाया याच बाजारांत भरला गेला. फेई-फेई ली या प्राध्यापिकेनें २००९ सालीं 'इमेजनेट' हा चित्रांचा साठा जगापुढें मांडला. हें कुत्रें, ही गाडी, हा नांगर, असें चित्राचित्राला नांव. पुढें चित्रें १ कोटी ४० लाखांवर गेलीं. तीं डोळे फोडून तपासलीं कोणीं? १६७ देशांतल्या सुमारें ४९ हजार मजुरांनीं. निबंधावर नांवें सहा. बाजाराचा उल्लेख आंत आहे. मजुराचा एकाचाही नाहीं.

२०१२ सालीं टोरांटोचे प्रोफेसर हिंटन व त्यांचे दोन शिष्य यांनीं त्यांतल्या बारा लाख चित्रांवर आपलें गणित तयार करून शर्यत मारली. दुसऱ्याच वर्षीं त्यांची छोटी कंपनी गूगलनें घेतली. २०२४ सालीं हिंटन यांस नोबेल पारितोषिक मिळालें. ही विद्या खोटी असें आम्ही म्हणत नाहीं. इतर विद्वान नाक मुरडीत असतां या माणसानें अनेक वर्षें तोच विचार धरून ठेवला. लीबाई तर आईबापांचें धुलाईचें दुकान सांभाळून शिकल्या. कष्ट म्हणजे काय हें त्यांना शिकवायला नको. म्हणूनच आमचा राग अधिक!

कोणी म्हणेल, मजुरी दिली ना? दिली! २०१८ च्या एका पाहणींत त्या बाजारांतली मधली कमाई तासाला सुमारें दोन डॉलर निघाली. अमेरिकेच्या कायद्यांतला किमान दर सव्वासात.

पण पैशाहून मोठी गोष्ट निराळीच आहे. प्रोफेसराची बढती होते ती निबंध किती, आणि त्यांचा दाखला किती जणांनीं दिला, यावर. मजुरानें लाख चित्रें तपासलीं तरी दुसऱ्या दारीं दाखवायला त्याच्या हातीं एक ओळ नसते. बलुत्याचे आम्ही भक्त नव्हे, त्यांतला अपमान आम्हांस पुरता ठाऊक आहे; तरी नांगर कोणत्या सुतारानें भरला हें खळ्यावर पोरासोरांनाही माहीत असे. सिनेमाच्या शेवटीं दिवेवाल्याचें नांव येतें. मग विद्यापीठाच्या निबंधाशेवटीं, ज्यांची हरकत नाहीं त्या मजुरांचीं नांवें छापायला कागद कमी पडतो काय? कामाचा दाखला द्यायला कोणतें गणित आडवें येतें?

आमचा एक जुना विद्यार्थी, सुताराचाच मुलगा, तालुक्याच्या गांवीं हेंच काम करतो. दिवसभर फोटोंतल्या मोटारी, गुरें, माणसें यांभोवतीं चौकटी आखायच्या. परवां बाजारांत भेटला. "कोणासाठीं रे करतोस?" आम्हीं विचारलें.

"तें सांगत नाहींत, गुरुजी," तो म्हणाला, "आणि विचारलेलंही चालत नाहीं."