याद्या दोन, आणि दोन्हींत आपण कुठे?



लोकसभेची पुढची निवडणूक २०२९ साली व्हायची आहे. इतक्या लांबच्या निवडणुकीवर आत्तापासून संपादकीय कशाला, असं आमच्या बैठकीत एकीने विचारलंच. माझं म्हणणं असं, की निवडणूक मतदानाच्या दिवशी होते हा आपला समज अर्धाच खरा आहे. त्या दिवशी बोटाला शाई लागते एवढंच. खरा निवाडा त्याच्या कितीतरी आधी दोन याद्यांत होऊन गेलेला असतो. पहिली यादी मतदारांची, दुसरी उमेदवारांची. पहिलीत आपल्यातल्या पुष्कळ जणी चुकीच्या गावी आहेत, आणि दुसरीत जवळजवळ नाहीतच. या दोन्ही याद्या अजून हाताळता येण्यासारख्या आहेत तोवरच त्यांच्याबद्दल बोलायला हवं.

आधी पहिली यादी. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भारतातल्या स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळालं, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच वेळी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून वगळावी लागली होती, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच त्यांची नोंद झाली होती. यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या. नवऱ्याच्या नात्याशिवाय बाईला नाव असतं, हे सरकारी कागदावर यायलाही असा झगडा करावा लागला.

आज बजाजनगरात नाव सांगायला कोणी लाजत नाही. अडचण वेगळी आहे. नाव आहे, पण ते नेमकं कुठलं आणि कुठल्या पत्त्यावर? १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि भोवती औद्योगिक वसाहत वाढत गेली. बीड, जालना, परभणी, बुलढाण्याकडून माणसं आली. बजाजनगर, पंढरपूर, रांजणगाव, जोगेश्वरी, कमळापूर या पट्ट्यात खोल्यांवर खोल्या चढल्या. एका खोलीत चौघं-पाच जण, भाडं महिन्याच्या महिन्याला, भाडेचिठ्ठी कोणी करून देत नाही, आणि घरमालक म्हणतो, कागदबिगद मागू नका. पुरुषाचे पत्ते दोन असतात, गाव आणि खोली. बाईचे तीन असतात, माहेर, सासर आणि खोली. आधार कार्डावर माहेरचं आडनाव, रेशन कार्डावर सासरचं, आणि मतदार यादीत एखादीचं नाव अजून माहेरच्याच गावी. मतदानाला तिकडे जायचं तर जाण्यायेण्याचं भाडं, वर कंत्राटदाराकडची बुडालेली हजेरी. मग ती जात नाही. पंधरा वर्षं इथे राहूनही इथल्या खासदाराला ती दिसत नाही, कारण त्याच्या हातातल्या यादीत ती नाही.

कायदा काय म्हणतो ते नीट समजून घेऊ. १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे माणूस जिथे सर्वसाधारणपणे राहतो तिथला तो मतदार. घर मालकीचं असण्याशी त्याचा संबंध नाही. नव्याने नाव घालायला नमुना ६, आणि पत्ता बदलायला किंवा चूक दुरुस्त करायला नमुना ८. पैसे पडत नाहीत. पत्त्याचा कुठलाच कागद नसेल तर अधिकाऱ्याने प्रत्यक्ष येऊन चौकशी करावी, अशी सोय आहे. अठरा पूर्ण झालेल्या मुलींसाठी आता वर्षातून चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. आणखी एक गोष्ट कंत्राटी कामावरच्या बायकांनी पाठच करावी. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी हा कायद्याने दिलेला हक्क आहे आणि तो रोजंदारीवरच्यांनाही आहे. ती कोणाची मेहेरबानी नव्हे.

एवढ्या खटपटीने काय होणार, असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्याच मतदारसंघाचा एक आकडा आठवावा. २०१९ साली औरंगाबाद लोकसभा मतदारसंघात इम्तियाज जलील आणि चंद्रकांत खैरे यांच्यात अंतर होतं ४,४९२ मतांचं. कोण जिंकलं, कोण हरलं, हा इथे मुद्दाच नाही. एवढी मतं वाळूजच्या पट्ट्यातल्या काही गल्ल्यांत मिळून भरतील, आणि त्यांतल्या कितीतरी मतांच्या मालकिणी त्या दिवशी इथे राहत असूनही इथे नव्हत्या.

याची दुसरी बाजूही आहे. नाव घालायला आपण आळस केला तर ते काढायला यंत्रणा आळस करत नाही. २०२५ साली बिहारमध्ये यादीची विशेष सखोल फेरतपासणी झाली. तिथल्या मसुदा यादीतून सुमारे ६५ लाख नावं गळली. जिचं नाव जुन्या यादीत नव्हतं तिला आईवडिलांशी जोडणारा दाखला शोधावा लागला, नवऱ्याचा चालेना. म्हणजे लग्न करून दुसऱ्या गावी गेलेल्या बाईने कागदासाठी पुन्हा माहेरचा उंबरठा झिजवायचा. मेलेल्यांची आणि दुबार नावं काढायलाच हवीत, त्याला आपला विरोध नाही. पण यादीची छाननी कुठेही होवो, लग्नामुळे जिला घर, गाव आणि आडनाव बदलावं लागतं तिच्यावरच तिचा भार जास्त पडतो. हा भार ओळखून नियम करा, असं म्हणायला आपल्याशिवाय कोण येणार आहे?

आता दुसरी यादी. आपल्या मतदारसंघातून १९५२पासून २०२४पर्यंत लोकसभेवर जे जे निवडून गेले त्यांची नावं मी एकदा ओळीने लिहून काढली. स्वामी रामानंद तीर्थांपासून बापू काळदात्यांपर्यंत आणि मोरेश्वर सावे यांच्यापासून संदिपान भुमरे यांच्यापर्यंत नावं वेगवेगळ्या पक्षांची, विचारांची, धर्मांची आहेत. बाईचं एकही नाही. सत्तर वर्षांहून अधिक काळात एकदाही नाही.

महाराष्ट्राच्या ४८ जागांपैकी २०१९ साली ८ स्त्रिया निवडून आल्या होत्या. २०२४ साली ७ आल्या: सुप्रिया सुळे, वर्षा गायकवाड, प्रणिती शिंदे, प्रतिभा धानोरकर, शोभा बच्छाव, स्मिता वाघ आणि रक्षा खडसे. चार काँग्रेसच्या, दोन भाजपच्या, एक राष्ट्रवादी शरद पवार गटाची. मराठवाड्यातल्या आठ जागांवर आठही पुरुष. साऱ्या देशात ७८वरून ७४वर घसरण झाली. त्या निवडणुकीत आठ हजारांहून जास्त उमेदवार उभे होते, त्यांत स्त्रिया शंभरात दहासुद्धा नव्हत्या. मतदानाला मात्र बायका पुरुषांच्या तोडीस तोड गेल्या, त्यांची टक्केवारी पुरुषांपेक्षा किंचित वरच होती.

तिकीट मागितलं की पक्ष एकच शब्द तोंडावर फेकतात, निवडून येण्याची क्षमता. मराठवाड्याला बाई चालत नाही, हे कोणी सिद्ध केलं? बीडने केशरकाकू क्षीरसागरांना तीनदा लोकसभेत पाठवलं, १९८०, १९८४ आणि १९९१ साली. १९९६ला तिथूनच रजनी पाटील गेल्या. हिंगोलीने सूर्यकांता पाटलांना निवडून दिलं. लातूरला २००४ साली रूपाताई निलंगेकरांनी शिवराज पाटलांसारख्या मातब्बराला हरवलं. २०२४च्या विधानसभेत आपल्याच जिल्ह्यातून फुलंब्रीला अनुराधा चव्हाण आणि कन्नडला संजना जाधव निवडून आल्या. मतदार बाईला मत देतो. अडतं ते त्याच्या आधी, बंद खोलीतल्या बैठकीत.

यावर तुम्ही म्हणाल, यांतल्या बऱ्याच जणी घराण्यातल्या, त्यांचं आमच्याशी काय? प्रश्न रास्त आहे. पुरुषांतही घराणी कमी नाहीत, पण तो प्रश्न त्यांना कोणी विचारत नाही, हेही ध्यानात असू द्या. आणि याच महाराष्ट्राने दुसरा रस्ताही दाखवला आहे. सत्तरच्या दशकात मुंबईत महागाईविरुद्ध लाटणी घेऊन हजारो गृहिणी रस्त्यावर आल्या. त्यांच्या पुढे होत्या मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते. १९७७ साली मृणालताई आणि अहिल्याताई लोकसभेत गेल्या, १९८०ला प्रमिलाताई. एक समाजवादी, एक कम्युनिस्ट, पण रॉकेल आणि पाण्यासाठी दोघी एका मोर्चात. त्या कोणाची सून म्हणून निवडून आल्या नव्हत्या. मोर्चातून संसदेत जाता येतं, हे आपल्याच आधीच्या पिढीने करून दाखवलेलं आहे.

आज तो रस्ता अरुंद झाला आहे, हेही खरं. मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपयांपर्यंत खर्चाची मुभा आहे, आणि २५ हजारांची अनामत. बाराबारा तास पॅकिंगच्या पट्ट्यावर उभ्या राहणाऱ्या बाईने हे कुठून आणायचं? म्हणूनच आरक्षणाची मागणी पुढे आली. १९९६ साली ते विधेयक पहिल्यांदा लोकसभेत मांडलं गेलं, २०१०ला राज्यसभेत संमत होऊनही अडलं, आणि सप्टेंबर २०२३मध्ये लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झालं. पण त्या कायद्यात जनगणना आणि त्यानंतर मतदारसंघांची फेररचना अशी अट घालून ठेवली. दलित आणि आदिवासी स्त्रियांसाठी त्यात वाटा आहे, इतर मागासवर्गीय स्त्रियांसाठी वेगळा नाही. या अटीवर आणि या त्रुटीवर आपण बोलत राहिलंच पाहिजे. पण त्या तारखेला आपलं काम टांगून ठेवायचं नाही.

कारण पक्षांना बायकांना तिकीट द्यायला कुठल्याही कायद्याने कधी मनाई केलेली नाही. ओडिशात २०१९ साली बिजू जनता दलाने २१पैकी ७ जागा बायकांना दिल्या आणि त्यांतल्या पाच जिंकून आल्या. बंगालमध्ये तृणमूल काँग्रेसच्या २०२४च्या २९ खासदारांत ११ स्त्रिया होत्या. महाराष्ट्रातही ४८चे १६ उद्या होऊ शकतात, मनात असेल तर. आणि बाई शोधायची म्हटली की पक्षांना ती सापडते, हे २०२४च्या पावसाळ्यात आपण पाहिलं. लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायला गल्लीगल्लीत टेबलं लागली. लाभार्थी म्हणून जी घरात जाऊन सापडते ती उमेदवार म्हणून कशी सापडत नाही?

आपल्या गावात तर ती समोरच बसलेली आहे. महाराष्ट्रात २०११पासून ग्रामपंचायत ते महापालिका निम्म्या जागा बायकांच्या आहेत. पाणी, गटार, दिवाबत्ती यांवर ग्रामसभेत आणि सरकारी कचेरीत भांडून शिकलेल्या बायकांची मोठी फळी तयार आहे. पुढे जायचं म्हटलं की तिच्यापुढे दार बंद.

आणि ते दार उघडणं ही मानाची बाब नाही, पोटाची आहे. चार श्रमसंहिता २०१९ आणि २०२०मध्ये संसदेत संमत झाल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाल्या. त्यांत बाईच्या संमतीने तिला रात्रपाळीला लावता येतं. संमती! जिची हजेरी उद्या कंत्राटदाराच्या मर्जीवर आहे तिची संमती म्हणजे काय, हे तो कायदा लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक होतं? रात्री अडीचला पाळी सुटल्यावर मोहटादेवी चौकातून एकटीने खोलीवर जाणारी बाई त्या चर्चेत कुठे होती? बाई खासदार झाली की आपोआप हे विचारेल, असं मी म्हणत नाही. आपण पाठवलेली विचारेल, आणि नाही विचारलं तर आपण तिला जाब विचारू शकू.

तेव्हा करायचं काय? या तिमाहीपासून प्रत्येक गटाने आपापल्या गल्लीतल्या बायकांची नावं यादीत तपासावीत, आणि जिथे चूक तिथे नमुना ६ किंवा ८ भरून पोच घ्यावी. मतदानाच्या पगारी सुट्टीचा नियम छापून कामगारांच्या बसथांब्यांवर लावावा. आणि प्रत्येक पक्षाच्या जिल्हा कार्यालयात शिष्टमंडळ नेऊन एकच प्रश्न लेखी विचारावा: २०२९ला महाराष्ट्रातल्या ४८पैकी किती जागा बायकांना देणार, आणि त्यांत मराठवाड्यातल्या किती? उत्तर आलं तर ते आपण छापू. नाही आलं तर तेही छापू, पक्षाच्या नावासकट.

पडणाऱ्या जागा बायकांच्या गळ्यात बांधायच्या आणि मग त्या पडल्या म्हणायचं, हा जुना खेळ आहे. त्यामुळे जागांचा आकडा विचारताना, कुठल्या जागा, हेही विचारा.