क्लेमचा निकाल केसपेपरवर

9 महिन्यांचा लॅब्रॅडॉर लसीसाठी येतो. जाता जाता पालक सांगतात, "मागचा पाय जरा ओढतो हो." ओपीडीच्या गर्दीत आपण केसपेपरवर 'हिप डिस्प्लेसिया?' असं खरडतो. एक्स-रे राहून जातो. पुढे पॉलिसी घेतली जाते, वर्षा-दोन वर्षांनी शस्त्रक्रियेची वेळ येते आणि ते प्रश्नचिन्हच 'पूर्वीचा आजार' म्हणून क्लेमच्या आड येतं. पालक कंपनीवर चिडतात, मग आपल्यावर.

पाळीव प्राण्यांच्या विम्यात काय बसत नाही, हे पॉलिसीगणिक बदलतं. पण काही गोष्टी बहुतेक ठिकाणी वगळलेल्या असतात. पॉलिसीआधीचे आजार, प्रतीक्षाकाळात उद्भवलेलं दुखणं, नियमित लसीकरण, जंतनाशकं, नसबंदी, गाभणपण आणि हौसेखातर केलेल्या शस्त्रक्रिया. आनुवंशिक विकार आणि दातांचे उपचार अनेकदा बाहेरच राहतात. माणसांच्या आरोग्यविम्यात पूर्वीच्या आजारासाठी जास्तीत जास्त 36 महिने थांबावं लागतं. कुत्र्या-मांजरांच्या पॉलिसीत तो आजार सहसा कायमचाच वगळलेला असतो.

लस असलेल्या आजारांसाठीची लसीकरणाची अट तर थेट आपल्या हातातली. पार्व्होचा क्लेम आला की कंपनी लसीकरण कार्ड मागते. पिल्लाचे 16 आठवड्यांपर्यंतचे डोस, पुढचा बूस्टर, तारीख, बॅचचं स्टिकर, सही-शिक्का यातलं एक जरी राहिलं तरी उपचार योग्य असूनही क्लेम अडू शकतो. गोचीड तापातही नोंदींचं तसंच. एर्लिकियाचा संसर्ग एकदा बरा झाला, तर तो बरा झाल्याचं कोणत्या तपासणीवरून ठरवलं, हे लिहून ठेवा. नाहीतर नवा संसर्ग जुन्याच खात्यावर जमा होतो.

म्हणून लक्षण आणि निदान वेगवेगळं लिहा. संशय असेल तर तो कशावरून, हेही लिहा आणि तपासणीनंतर तो खरा ठरला की खोटा, याची नोंद करून विषय मिटवा. मायक्रोचिप असेल तर तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर हवा.

"डॉक्टर, तेवढी तारीख मागे-पुढे करा ना," ही गळ मात्र कितीही जुन्या पालकाने घातली तरी ठाम नकार द्या. खोटा दाखला उघड झाला तर क्लेम जातोच, शिवाय नोंदणी पणाला लागते ती आपली.

पॉलिसी विकणं आपलं काम नाही. पण पहिल्या लसीलाच, अंगाला एकही आजार चिकटलेला नसताना, "विमा घेणार असाल तर आधी वगळलेल्या बाबींचं पान वाचा," एवढं सांगायला अर्धं मिनिट पुरतं.