आषाढातली सुरमई

परवा रविवारी आम्ही घरचे सात जण बाहेर जेवायला गेलो. आई-बाबा, मी, बायको, दोन पोरं आणि पुण्याहून आलेला मावसभाऊ. पाऊस असा की वायपर लावूनही समोरचं दिसेना. लांब कुठे जायचा प्रश्नच नव्हता, म्हणून नेहमीच्या खानावळीत गेलो. सहा टेबलं, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन, आणि काकी एकाच वेळी गल्ल्यावरही आणि तव्यावरही. तुमच्या वाडीतही अशी एक असेलच.

मावसभावाने बसता बसता ऑर्डर सोडली, "सात सुरमई थाळ्या." पाहुणा माणूस, वर बिल तोच देणार म्हणून हटून बसलेला. आम्ही कोणी काही बोललो नाही. फक्त बाबा हळूच म्हणाले, "आज कसली रे सुरमई? होड्या तर वर ओढल्यात."

बाबा जन्मभर स्वतः मासळी बाजारात जाऊन मासे आणणारे. गालफडं उघडून बघितल्याशिवाय बांगडा पिशवीत टाकत नाहीत. पण त्यांचं म्हणणं पावसाच्या आवाजात विरून गेलं आणि थाळ्या आल्या. तुकडा जाडजूड, वर रवा कुरकुरीत, दिसायला एक नंबर. खाल्ला तर कापूस. मीठ-मसाल्याची चव होती, माशाची नव्हती.

काकी पाण्याचा जग घेऊन आल्या तेव्हा मी विचारलंच, "काकी, खरं सांगा, ही कुठली?"

"बर्फातली रे. आता ताजी कुठून आणू? पण बोर्डावर सुरमई नसली ना, की गिऱ्हाईक दारातूनच परत जातं."

तेवढ्यात आतून वास आला. बाबांनी मान वर केली. "सोडे शिजतायत काय?" काकी एकदम ओशाळल्या. "ते आमचं आमच्यासाठी केलंय भाऊ. आठळ्या घालून. ते कसलं तुमच्यासमोर आणू?" बाबा म्हणाले, आणा. वाटी आली. मग दुसरी आली. मग पोरांनी मागितली. सुरमईचा अर्धा तुकडा बाबांच्या ताटात तसाच राहिला.

बिल झालं तेव्हा त्या दोन-चार वाट्यांचे पैसे काकींनी लावलेच नाहीत. "त्याचे कसले पैसे?" म्हणाल्या.

घरी आल्यापासून हे वाक्य डोक्यातून जात नाहीय. कुठल्या तरी किनाऱ्यावर पकडलेला, किती दिवस बर्फात काढलेला मासा, त्याचे पूर्ण पैसे. आणि आगोटीला भरून ठेवलेले सोडे, मे महिन्यात मातीत घोळवून जपलेल्या आठळ्या, वाटलेला नारळ, यातून स्वतः रांधलेलं कालवण, ते फुकट. बरं, सोडे काही स्वस्त नाहीत. भाव विचारून बघा, नुसत्या वाटीभर सोड्यांना काय पडतं ते. तरी त्यांना ते गिऱ्हाइकाला द्यायची लाज वाटली. ही लाज त्यांना कोणी लावली? मला वाटतं आपण लावली.

आता जरा मूळ मुद्दा. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस, आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. माशांच्या बऱ्याच जातींचा हा अंडी घालायचा काळ, समुद्रही खवळलेला. मिरकरवाड्यात जाऊन बघा, बोटी एकमेकींना चिकटून उभ्या असतात. बिगरयांत्रिक होड्यांना मुभा आहे, खाडीत थोडंफार मिळतं, पण सुरमई, पापलेट काही त्यातून रोज शंभर थाळ्यांना पुरणार नाही. मग हॉटेलात जी दिसते ती कोल्ड स्टोरेजमधली, नाहीतर पूर्व किनाऱ्याची. तिकडची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, म्हणजे आपल्याकडे बोटी किनाऱ्याला असतात तेव्हा तिकडे सुटलेल्या असतात. बेकायदा काही नाही यात. फसवणूकही नाही, कारण आपण विचारतच नाही.

गंमत बघा, याच दिवसांत आपल्याला मासे सगळ्यात जास्त हवे असतात. आषाढ! श्रावण लागायच्या आत खाऊन घ्यायचं. मित्रांच्या पार्ट्या, गटारी, भाच्याचा वाढदिवस, सगळं या तीन आठवड्यांत कोंबलेलं. वर्षभरात खानावळी सर्वात जास्त भरतात त्यातले हे दिवस, आणि समुद्रातून काहीही यायचं नाही तेही हेच. आपल्या आजोबा-पणजोबांना हे गणित माहीत होतं, म्हणून तर आगोट नावाचा प्रकार होता. सुकट, सोडे, सुके बोंबील, सुका बांगडा, कुळीथ, वाल, आठळ्या, आमसुलं, सगळं मे महिन्यातच घरात. पावसाळ्याचं जेवण वेगळंच असायचं आणि ते काही उपास काढल्यासारखं नव्हतं. अजूनही घरी आपण तेच खातो की. पावसात गरम पिठी-भात आणि भाजलेला सुका बांगडा असला की दुसरं काही आठवत नाही. फक्त ते हॉटेलात मागायचं नाही. "घरचंच खायचं तर बाहेर कशाला जायचं?" हे वाक्य आमच्या घरात तरी हजारदा झालंय.

मान्य आहे, बाहेर जायचं ते वेगळं खायला. पण वेगळं म्हणजे काय, तर सगळीकडे एकच. सुरमई थाळी, पापलेट थाळी, चिकन थाळी, कोपऱ्यात पनीर. आणि बोर्ड काय? "अस्सल मालवणी जेवण". रत्नागिरीत! आता १ मे १९८१ पर्यंत मालवण रत्नागिरी जिल्ह्यातच होतं, त्यामुळे हक्क सांगायचाच तर सांगता येईल, भांडायला आपल्याला कारण लागत नाही. पण राजिवड्याच्या मुसलमान घरातलं कालवण वेगळं, भंडाऱ्याच्या घरचं वेगळं, खारव्याच्या घरचं वेगळं, आणि ब्राह्मण आळीतलं बिरडं न् अळवाचं फदफदं आणखी वेगळं. या गावात पाच-सहा स्वयंपाकघरं शेजारी शेजारी आहेत. बोर्डावर मात्र एकच शब्द. एकदा एका मालकाला विचारलं तर तो म्हणाला, "पर्यटकाला तेवढाच शब्द कळतो हो." त्याचंही खरं. पण जून-जुलैमध्ये पर्यटक असतो किती? विकेंडची गर्दी सोडा. भर पावसातल्या मंगळवारी त्या टेबलावर तुम्ही-आम्हीच बसलेले असतो.

आणखी एक गोष्ट, जरा बोचेल. मागे एका मित्राने पार्टी दिली. (हॉटेल कुठलं ते विचारू नका, सांगणार नाही.) स्वस्तात पापलेट फ्राय म्हणून प्लेट आली, त्यात चार पापलेटं. चार! तळहातावर मावतील एवढी. सगळे खूश. सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिलाय, त्यापेक्षा लहान मासा पकडायचा नाही. सिल्व्हर पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे. म्हणजे साधारण आपल्या खिशातल्या पेनाएवढा. त्याच महिन्यात पापलेटला राज्य मासा म्हणूनही जाहीर केलं. केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेचा अभ्यास त्या आकारांमागे आहे, आणि केरळने तर हे आपल्या आधीच केलं होतं. हेतू साधा आहे, माशाला एकदा तरी अंडी घालू द्या. त्या दिवशीच्या प्लेटमधलं प्रत्येक पापलेट डोक्यापासून शेपटीपर्यंत पेनापेक्षा आखूड होतं. मी बोललो का? नाही बोललो. खाल्लं. म्हणून तर आता लिहितोय.

पर्ससीनवाले विरुद्ध पारंपरिक, एलईडीची मासेमारी, परराज्यातले ट्रॉलर, यावर आपण इथे किती तावातावाने लिहितो! मीही लिहिलंय. एलईडीवर २०१७ पासून बंदी असूनही रात्री समुद्रात दिवे दिसतात याचा राग येतो, यायलाच हवा. पण त्या बोटीत आलेला लहान मासा शेवटी कुणीतरी विकत घेतो, कुणीतरी तळतो आणि कुणीतरी लिंबू पिळून खातो. बंदरात अधिकारी येतो, निदान यायला हवा. खानावळीच्या टेबलावर पट्टी घेऊन कोणी येत नाही. तिथे आपणच असतो.

यात खानावळवाल्या काकींना दोष देणं मला पटत नाही. त्यांचा हिशेब बघा. गॅस, तेल, नारळ, दोन बायकांचा पगार, जागेचं भाडं. सुरमईच्या थाळीत त्यांना सुटतात किती, तर फार नाही, कारण मासाच महाग पडतो. पण ती थाळी नसेल तर माणूस आतच येत नाही. बांगडा, तारली, मांदेली यांत त्यांना चार पैसे जास्त सुटतील, गिऱ्हाइकालाही स्वस्त पडेल, पण "बांगडाच आहे" असं सांगताना त्यांचा आवाज खाली जातो. तो 'च' ऐकलाय ना तुम्ही? "आज बांगडाच आहे हो." ताज्या फडफडीत बांगड्याला तिरफळ घालून केलेल्या तिखल्यापुढे बर्फातली सुरमई काय आहे सांगा मला.

तीच गत राणी माशाची. किती जणांनी तो थाळीत बघितलाय? आपल्याच एमआयडीसीत त्याची सुरिमी बनते आणि पार जपानपर्यंत जाते. जपानी माणूस खातो तो मासा आपल्या खानावळीत दाखवायलाही नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की खुर्चीत बसल्यावर पहिला प्रश्न बदलून बघूया. "सुरमई आहे का?" ऐवजी "आज काय आलंय?" एवढं विचारलं की काय होतं बघा. काकी आधी थबकतात. मग सांगतात. ऑक्टोबरात सांगतील बांगडा चांगला आलाय. पावसाळ्यात सांगतील खाडीचे खेकडे आहेत, नाहीतर काहीच नाही, कुळथाची पिठी करून देऊ का? दारात एक खडूची पाटी ठेवली तरी पुरे, आजचं काय ते तिच्यावर. छापील मेनूकार्डाचा खर्चही वाचेल. आणि प्लेटमध्ये पिल्लं आली तर न भांडता सांगायचं, काकी, एवढी छोटी नको. दहा गिऱ्हाइकांनी सांगितलं तर त्या बाजारात जाऊन तेच सांगतील.

गणपतीला चाकरमानी भाऊ मुंबईहून येतो, विसर्जनानंतर त्याला सुरमईच हवी असते. खाऊ दे बापड्याला, तोवर बोटीही गेलेल्या असतात. ज्यांच्या घरी मासे चालत नाहीत त्यांना तर पावसाळ्यासारखा ऋतू नाही, टाकळा, भारंगी, फणसाची भाजी, पण त्यांच्याही पुढ्यात आपण पनीर ठेवतो. ते वेगळं दुःख आहे, त्यावर पुन्हा कधीतरी. आणि ज्यांना वाटतं की पावसात समुद्राचं नको तर वलगणीचे मासे मारून आणू, त्यांना एकच आठवण, पहिल्या पावसात वर चढणारे ते मासे गाबोळीने भरलेले असतात. मलाही आवडतात. म्हणूनच सांगतोय.

मला काही लोक म्हणतील, सात माणसांनी ऑर्डर बदलून समुद्र भरणार आहे का? नाही भरणार. समुद्राचं काय ते बंदरात, मंत्रालयात आणि गस्तीनौकेवर ठरेल, आणि तिथला आग्रह सोडायचा नाही. पण काकींच्या चुलीचं आपण ठरवतो, आणि ते या आठवड्यात ठरवता येतं. पाच-सहा टेबलांच्या या खानावळी आपल्या गिऱ्हाइकीवर जगतात. मोठ्या हॉटेलाचा मेनू कुठेतरी लांब ठरतो. इथला मेनू माझ्या तोंडातून निघालेल्या दोन शब्दांवर ठरतो, मला तरी याची मजा वाटते.

तुमच्या ओळखीच्या कुठल्या खानावळीत सुकटीचं, सोड्याचं, पिठीचं जेवण मिळत असेल तर खाली लिहा. नाव बिनधास्त लिहा, त्यांचं भलंच होईल.

काकींना काल फोन केला होता. येत्या रविवारी दहा माणसं, सोडे-आठळ्यांचं कालवण, तांदळाची भाकरी, पिठी आणि टाकळा मिळाला तर टाकळा. आधी "अरे, त्यात काय देऊ तुम्हाला" सुरू झालं. मग मी भाव विचारला. बराच वेळ गप्प राहून त्यांनी एक आकडा सांगितला आणि लगेच म्हणाल्या, "जास्त नाय ना झाला?" मी म्हटलं, तेवढाच लावा, वर सोलकढीचे वेगळे.

बाबांनी आज सकाळपासून दोनदा विचारलंय, रविवारी किती वाजता निघायचं.